जलालुद्दीन चाचांचं जन्मसाल

हिंगोली
रविवार, दि. १ फेब्रुवारी १९७६

नजमुन्निसा बेटी,

सलाम. जावईबापूंना माझा जयभीम. इकडे सर्व ठीक.

काल कचेरीत तुझ्या अब्बांची शोकसभा झाली. चार वाजता सुरू झाली, चार वाजून दहा मिनिटांनी संपली. साहेबांनी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं आणि एका मिनिटात बसवलं. भाषणात त्यांनी चाचांचं नाव जलालुद्दीनऐवजी जमालुद्दीन घेतलं. दोनदा घेतलं. कुणी दुरुस्त केलं नाही, मीही केलं नाही. मग चहा झाला. आज सकाळी कब्रस्तानात जाऊन आलो.

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. तू एकच विचारलंस: अब्बांनी नोकरीसाठी खरंच वय चोरलं होतं का? तुझ्या नांदेडच्या शाळेपर्यंत ही बोलणी पोचली, म्हणजे आमच्या कचेरीची कीर्ती लांबवर गेली म्हणायची. उत्तर आहे, नाही. पण नुसत्या माझ्या 'नाही'वर कोण विश्वास ठेवील, म्हणून सगळं लिहितो.

मागच्या वर्षी जानेवारीत कचेरीत हिरवं लोखंडी कपाट आलं. तोवर सगळ्यांच्या नोकरीची नोंद चाचांच्या उर्दू वहीत असे. तसल्या कोऱ्या वह्या हैदराबादहून यायच्या, त्या बंद होऊन वीस वर्षं झाली. चाचा कागदावर स्वतः रेघा मारून पानं जोडत. साहेब म्हणाले, "हे एका माणसावर चालणारं दुकान आहे. माणूस गेला की दुकान बंद." साहेबांचं तेवढं एकच बोलणं मला पटलं आहे.

नव्या पद्धतीला ते शास्त्रीय म्हणतात. शास्त्र म्हणजे दर माणसाला एक कार्ड आणि कार्डाच्या कोपऱ्यात रंगीत पट्टी. हिरवी असली तर कायम, पिवळी असली तर हंगामी, लाल असली तर निवृत्तीला आलेला. साहेब कार्ड वाचत नसत, रंग बघत. पाहुणे आले की कपाट उघडून दाखवत, नव्या सुनेचे दागिने दाखवावेत तसे.

वहीवरून कार्डं लिहिण्याचं काम चाचांना दिलं नाही. म्हातारा रेंगाळेल, म्हणाले. ज्याला दिलं त्याची उर्दू निजामाच्या शाळेतली, चौथीपर्यंतची. चाचांनी त्याला शेजारी बसवून सांगितलं, "आधी महिना बघ बाबा, मग साल. पैल्या तीन महिन्यांना पाचशे नव्वद मिळव, बाकीच्या नऊंना एक्क्याण्णव. घाई नको करू." कारण वहीतलं जुनं, निजामाच्या काळचं फसली साल ऑक्टोबरात बदलायचं, जानेवारी लागली की आपल्या सालात एक वाढवावा लागतो. एवढंच होतं. त्या माणसानं महिना पाहिला नाही. सरसकट पाचशे नव्वद मिळवले. अकरा दिवसांत चारशे बारा कार्डं. साहेबांनी सर्वांसमोर पाठ थोपटली.

पहिला घोटाळा लालसिंग चौकीदाराचा निघाला. भाऊ वारल्यावर तो त्याच्या जागेवर लागलेला. कार्डावर भाऊ वारला १९४० च्या डिसेंबरात आणि लालसिंग रुजू झाला १९४० च्या जानेवारीत. जळबा शिपाई म्हणाला, "भाऊ जिता असताना त्याच्या जागेवर बसलास काहून रे लालसिंग?" सगळे हसले. साहेब म्हणाले, कार्ड छापील आहे, ते चुकत नाही.

चाचांचा जन्म तीर महिन्यातला, फसली १३२७. म्हणजे मे १९१८. कार्डावर मे १९१७ आलं. वर्षभर आधीच लाल पट्टी लागली. एप्रिलात साहेबांनी त्यांना बोलावलं.

"माझ्या शाळेच्या दाखल्यात अठरा आहे साहेब."

"दाखला उर्दूत आहे. त्याचं मराठी कुणी केलं?"

"मीच केलो."

"मग झालं तर. निजामाच्या काळातले तुम्ही सगळेच एकेक वर्ष खिशात घालून आलात."

मग साहेबांनी कार्डं लिहिणाऱ्याला विचारलं, "महिने पाहिले होते ना?" तो म्हणाला, "व्हय साहेब, बराबर पाहिले." चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलतो असं म्हणाले नाहीत. "ठीक है," म्हणाले आणि टोपी घालून बाहेर गेले.

तो मी होतो. तुला इथवर कळलंच असेल.

साहेबांना मी पानभर नावं ठेवली. त्यांना फसली साल कशाशी खातात ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. हल्लीच्या दिवसांत साहेबांपुढे कोण तोंड उघडतो, असं मी घरात म्हणत राहिलो. चाचांची जागा जूनमध्ये मला मिळाली.

दिवाळीनंतर ते मला वारंगा फाट्यावर भेटले, तुझ्याकडून परत येताना. मी दुसरीकडे बघत होतो. त्यांनीच हाक मारली. माझ्या लेकरांची नावं घेऊन चौकशी केली. मग म्हणाले, "लालसिंगचं कार्ड दुरुस्त केलास का?" नाही म्हणालो. "करून टाक. त्याला पुढं तकलीफ होईल." स्वतःच्या कार्डाबद्दल एक शब्द नाही.

मी लालसिंगचंही केलं नाही.

चाचा वारल्यावर मागच्या खोलीतून वही काढली. आठ दिवस कचेरी सुटल्यावर बसून सगळी तपासली. दोनशे शहाण्णव कार्डं चुकली आहेत. यादी केली आहे, पहिलं नाव चाचांचं. खाली लिहिलं आहे की महिना मी पाहिला नव्हता, आणि विचारल्यावर खोटं बोललो. सही केली आहे. यादी उद्या रजिस्टर पोस्टानं साहेबांच्या वरच्या साहेबांकडे जाईल. नक्कल या पाकिटात आहे, तिच्यावरही माझी सही आहे. ज्यानं ज्यानं तुला विचारलं त्याला दाखव. शाळेत भिंतीला लावलीस तरी चालेल.

मला माफ केलं असं लिहू नकोस. मी तसं मागितलेलं नाही. ज्याच्याकडे मागायचं होतं त्याच्यासमोर मी फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभा होतो.

घरची मंडळी शिरड शहापूरला लग्नाला गेली आहेत. डिंक सापडत नाही. पातेल्यात दुपारच्या भाताची चार शितं आहेत, त्यांनी पाकीट चिकटवतो.

कार्डं लिहिणारा,
शेषराव खिल्लारे