कंसाच्या आतलं आधी

१२ ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय टिल्ल्या,

सहा फूट झालास तरी मी तुला टिल्ल्याच म्हणणार, तेव्हा नाक मुरडायचं ते आत्ताच मुरडून घे. मावशीकडे आयतं खाऊन लोळतोयस ना? इथे आईचा गुडघा आणि शेजारणीशी भांडण, दोन्ही जोरात आहेत. तुझ्या खोलीची खिडकी लागत नव्हती ती बाबांनी पुठ्ठा खोचून "दुरुस्त" केली आहे. मी ठीक.

साहेबांनी तुझा राजीनामा अजून मंजूर केलेला नाही. म्हणाले, "भावा-बहिणीचं भांडण आहे, शुक्रवारपर्यंत थांबतो." म्हणून हे पत्र.

तर भांडण. मुलांच्या औषधाची मात्रा काढणारा तुझा कोड मी तीनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा तर सगळ्यांसमोर. दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कोड पुढे सोडायचा नाही, ही आपल्या ऑफिसची जुनी खोड. तू पाच कामांची पाच फंक्शनं एकाच्या पोटात एक घालून एका ओळीत बसवलीस. वाचणारा चौथ्या कंसात अडकला आणि सगळे हसले. हसले त्याला, लागलं तुला. जिन्यात तू मला म्हणालास, "ताई, तुला चार ओळी जास्त हव्यात म्हणून मी इतकी देखणी गोष्ट मोडू?"

देखणी आहे रे. मी नाही म्हटलेलंच नाही. दोन छोटी कामं जोडायची असली की मीही तशीच जोडते, मधे निघणाऱ्या उत्तराला उगाच नाव कशाला द्यायचं. पण पाच पायऱ्या असल्या की त्या जशा घडतात तशाच वरून खाली याव्यात. वजन तपास, मात्रा काढ, गोळीच्या मापात बसव, मर्यादा ओलांडली का बघ, मग दिवसभरात वाटून दे. कुणीही वाचावं आणि कळावं.

परवाचीच गंमत ऐक. आपल्या नव्या सहकारिणीला तुझ्या मसुद्यात एक पायरी घालायची होती. वजन पौंडात आलं तर सगळ्यात आधी त्याचे किलो करायचे. बिचारीने ती ओळीच्या सुरुवातीला घातली. तुझ्या रीतीत कंसाच्या आतलं आधी होतं आणि सुरुवातीचं सगळ्यात शेवटी! म्हणजे औषधाची मात्रा ठरली आणि मग आम्ही त्या मात्रेचेच किलो करत बसलो. चाचणीत पकडलं गेलं, कुणाला काही झालं नाही. तुझं गणित कुठेही चुकलेलं नव्हतं, हेही मी सगळ्यांना सांगितलं.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. मघापासून मी नुसते फाटे फोडतेय, आणि तुलाही ते कळलं असेलच.

टिल्ल्या, मला दिसेनासं होतंय. उन्हाळ्यापासून. जिथे बघावं तिथेच मधोमध धूसर डाग येतो. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायचा प्रयत्न करू, असं डॉक्टर म्हणतात. ऑफिसात कानाला हेडफोन लावून बसते ना, तुला वाटायचं मी गाणी ऐकते. संगणक मला कोड वाचून दाखवत असतो. तुझी ओळ आली की "कंस उघडा, कंस उघडा" करत सुटतो. शेवटचं काम आधी कानावर पडतं, ते धरून ठेवायचं, मग त्याच्या आतलं, मग त्याच्याही आतलं. पाचव्यापर्यंत पोचेतो पहिलं निसटतं. तुझी ती एक ओळ मी अख्खी दुपार ऐकली. समजली तेव्हा एकटीच हसले. फार हुशार आहेस रे तू, मला फार अभिमान वाटला.

तेव्हाच का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू दयेपोटी पाच मिनिटांत सगळं बदललं असतंस. मला दया नको होती, वाद जिंकायचा होता. आणि नव्या मुलीचे डोळे धडधाकट आहेत, तरी ती फसलीच की! तेव्हा माझं म्हणणं डोळ्यांपायी आहे असं समजू नकोस. पटलं तर बदल, नाही तर माझ्याशी भांड.

आईला अजून सांगितलेलं नाही. साहेबांनाही नाही. सगळं पोटात ठेवून रोज हसतमुखाने ऑफिसात जाणं आता एकटीला झेपत नाही. मला भीती वाटते. शेजारच्या खुर्चीत तू हवास.

राजीनाम्याचं काय ते तू ठरव. फक्त उत्तर लिहून पाठवू नकोस. ते मला संगणक वाचून दाखवेल, आणि त्याच्या आवाजात तू रागावलास की रडलास ते मला कळणार नाही. फोन कर. आधी भांडलास तरी चालेल.

तुझ्या आवाजाची वाट बघणारी,
ताई