सुई एक बोट पुढे

१४ फेब्रुवारी २०१३, मुर्री

वही, माफ कर. दिवाळीनंतर आज तुला हात लावतो. डावा कान गेला, उजव्यात शिटी वाजते, आणि लिहावे असे काही घडतही नव्हते. आता घडणार. विवेकने मुंबईला बोलावले आहे. तिकडे एका हॉटेलात महागड्या रेकॉर्ड प्लेअरचे आणि स्पीकरचे प्रदर्शन भरते. पोराला एक प्लेअर आणि स्पीकरची जोडी घ्यायची आहे. म्हणाला, "बाबा, तुम्ही तीस वर्षं लग्नाजयंतीत भोंगे लावले. तुम्ही ऐकून सांगा."

हो म्हटले. माझे खरे काम त्याला सांगितले नाही.

१५ फेब्रुवारी

खरे काम रेकॉर्डचे. जागेश्वरच्या भीमगीत पार्टीने १९७९ साली नागपुरात काढली, ती एकच. प्रत्येक कडव्याच्या शेवटी बाईची एकटीची एक ओळ आहे. ती आमच्या सुशिलाची, विवेकच्या आईची. तिला जाऊन चार वर्षे झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

रेकॉर्ड वाजवायची मशीन मीच विकून टाकली, २००१ मध्ये, तिला न विचारता. ती तेव्हा एक शब्द बोलली नाही. तेच डोक्यात बसले आहे. उजवा कान बंद व्हायच्या आत एकदा ऐकायचे आहे, बस.

१८ फेब्रुवारी

रेकॉर्ड धोतराच्या घडीत बांधली. गाडीत कोणी बॅगेवर बसले तर? मांडीवरच घेईन.

२२ फेब्रुवारी, ठाणे

पोहोचलो. रेकॉर्ड शाबूत. कंबर नाही.

२३ फेब्रुवारी, ठाणे

किळस आली. दुसरा शब्द नाही.

हॉटेलच्या एकेका खोलीत एकेक कंपनी. जमिनीवर जाड गालिचा, अंधार, थंडी. सगळे मयतीला बसावे तसे गप्प बसलेले. पहिल्या खोलीतला प्लेअर जात्याएवढा जड, त्याची चकती काचेची. स्पीकर माझ्याहून उंच. किंमत विचारली तर विवेक म्हणाला, "बाबा, ते सोडा." एका परदेशी बाईची रेकॉर्ड लावली. बाई ओठ चाटते ते ऐकू येते. श्वास घेते ते ऐकू येते. मागे कोणाची खुर्ची करकरते तेही. लोक माना हलवतात — "क्या डिटेल है!" अरे, खुर्ची ऐकायला आलात काय? आमच्या भोंग्यातून असली घाण येत नव्हती. भोंग्यातून कोणाचाही आवाज पत्र्याचा निघतो हे खरे, पण आपले माणूस आपल्याला कळतेच.

दुसऱ्या खोलीतला प्लेअर बारका, पट्ट्यावर फिरणारा. स्पीकरसमोर एकच खुर्ची. तिथेच बसायचे म्हणे, बाजूला सरकले की मजा जाते. एका माणसासाठी एवढे सामान! आमचा भोंगा झाडावर बांधला की पार बिरसी गावापर्यंत ऐकू जायचा. विवेक वहीत मार्क देत होता. मला विचारले. मी म्हटले, "पहिला चरबी चढलेला, दुसरा उपाशी." तो हसला. तेव्हाच मी रेकॉर्ड काढली.

"आईची?" विवेक एवढेच म्हणाला.

तिथल्या कोटवाल्या पोराने दोन बोटांनी धरली, जसा मेलेला उंदीर. "अंकल, इसपे हमारी नीडल नहीं लगा सकते." तिसऱ्या खोलीतही तेच. त्याने तर माझ्यासमोर हात पुसले. असले हात पुसणे मी लहानपणी फार पाहिले आहे.

शेवटच्या खोलीत भूपेंद्रभाई म्हणून पांढऱ्या केसांचा मालक होता. त्याचे स्पीकर लाकडाचे, पण तोंड भोंग्यासारखे. तेवढेच मला माणसातले वाटले. तो म्हणाला, "लाइए काका." पण त्याने सुई अगदी काठावर ठेवली. मला हसू आले. रेकॉर्डच्या सुरुवातीला नुसती खरखर असते. मंडपात ती कोणाला नको, म्हणून मी सुई कायम एक बोट पुढे टेकवायचो, सरळ गाण्यावर. हा बसला खरखर ऐकत. आणि सुई उडायला लागली, तिथल्या तिथे.

आम्ही अशा वेळी काय करतो? सुईच्या डोक्यावर चार आणे ठेवतो. वजन पडले की सुई रुळावर. चार आणे आता कुठले, खिशात रुपया होता. ठेवला.

कट्कन आवाज झाला. खोलीतले सगळे उभे राहिले. भूपेंद्रभाईने कपाळाला हात लावला — "काका, ये क्या किया!" सुई वाकली होती. विवेक लालबुंद.

मी म्हटले, "आमच्याकडे असंच ठेवतात जी." कोणी हसलेही नाही. वाटले, धरणीने पोटात घ्यावे.

मग भूपेंद्रभाईने रेकॉर्ड उजेडात धरून पाहिली. म्हणाला, ठेवून जा, धुतो आणि सीडीवर उतरवून पाठवतो. विवेकने माझ्याआधी हो म्हणून टाकले.

२४ फेब्रुवारी

सून रश्मी म्हणते, "बाबा, जेवा." कसा जेवू? परक्या माणसाच्या हातात देऊन आलो. पावतीसुद्धा नाही.

५ मार्च, मुर्री

काही नाही.

९ मार्च

विवेकला तीनदा फोन केला. "बाबा, धीर धरा." त्याने काहीच घेतले नाही म्हणे प्रदर्शनातून. माझ्यामुळेच.

जुने आठवते. जयंतीला ही रेकॉर्ड लावायच्या आधी मी माइकवर सांगायचो, आता ऐका, आमच्या घरच्या बाईचा आवाज. सुशिला पदर तोंडाला लावून आत पळायची. "कायले लावता जी घडोघडी?" जागेश्वरची बायको रुख्मा शेजारी उभी राहून हसायची. लाजते, असे मला वाटायचे.

१६ मार्च

पार्सल आले. रेकॉर्ड धुऊन चकचकीत, सोबत सीडी. गोंदियात मुलगी अल्काकडे जाऊन लावली. उजवा कान स्पीकरला लावून बसलो.

सुरुवातीला खरखर नाही. भूपेंद्रभाईने पुसून काढली. तिथे एक तान्हे पोर रडते. सहा महिन्यांचा विवेकच तो. सुशिला त्याला नागपूरला सोबत घेऊन गेली होती. मी बिरसीच्या लग्नात भोंगे लावून बसलो होतो. मग सुशिला — तिचाच आवाज, जवळून, पत्र्याचा नाही — "जागेश्वरभाऊ, हा रडून राह्यला. याले बाहेर न्या लागते. तुम्ही करा सुरू. माझी ओळ रुख्मा म्हणेल." दार वाजते. मग पेटी, ढोलकी, गाणे.

अल्का म्हणाली, "बाबा, आई बोलून राहिली!" मी पुन्हा लावायला सांगितले. नऊ वेळा तेवढेच ऐकले. गाणे एकदाही पुढे जाऊ दिले नाही.

१७ मार्च

तिरोड्याला टाकलेल्या कार्डाची नक्कल:

रुख्मावहिनी, जयभीम. रेकॉर्ड भरली त्या दिवशी तुम्ही नागपुरात होता. जागेश्वर नाही, सुशिला नाही, आता तुम्हालाच माहीत. शेवटच्या कडव्यापर्यंत तरी ती आपली ओळ म्हणायला परत आत आली होती का? नसेल तर नाही म्हणून लिहा, मी रागावणार नाही. लवकर कळवा. कान फार दिवस थांबणार नाही. — ताराचंद