पन्नास हजार डॉलरची परीक्षा

२ जून
भरली फी! चौदा हजार रुपये. कारखान्याच्या लॅबमध्ये आठ-आठ तास उभं राहून साठवलेले. आता परत मिळायचे नाहीत.
परदेशातली कंपनी आहे. पन्नास हजार डॉलरचं खातं देते, पण सरावाचं, खोटं. त्यावर क्रूड ऑइलचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, घ्यायचे-विकायचे. तीन हजार डॉलर नफा दाखवला की पास. तोटा दोन हजारांवर गेला की नापास – फी बुडाली. पास झालं की कंपनीच्या पैशाचं खरं खातं, आणि नफ्यातले नव्वद टक्के माझे!
राजेशने सगळं ऐकून घेतलं. नापास झालीस तर, एवढंच विचारलं. म्हटलं, नवरा नोकरीला आहे ना!

३ जून
कारखान्यातून आले, हातपाय धुतले, सात वाजता बसले. पंचवीस मिनिटांत एकशे चाळीस डॉलर नफा. लगेच बंद केलं. भाजीत मीठ दोनदा पडलं. सासूबाई पाणी पीत पीत जेवल्या.

९ जून
हरेश नापास. पॅकिंगमधला – आम्ही दोघांनी एकाच दिवशी फी भरली होती. एकाच सौद्यात गेला. तोटा दिसत असताना अजून घेत बसला. संध्याकाळी फोन, की परत भरली फी. मी म्हटलं, चार दिवस थांब. ऐकतोय कुठला!

१७ जून
सौदा चालू आणि वाऱ्याने लाइट गेली. इकडे टॉवरही बंद. आमच्या साजगावभर कुणाच्या फोनला रेंज नाही! राजेशच्या गाडीवर बसून खोपोलीच्या नाक्यापर्यंत गेले, तिथे फोन लागला. तोटा – फक्त साठ डॉलर. स्टॉप आधीच लावला होता, त्याने सौदा आपोआप कापला होता. भर रस्त्यात हसत सुटले. साठ डॉलर गेल्याचा इतका आनंद!

२७ जून
पास!! पास!!!
राजेशने मेल मोठ्याने वाचला, मग मी वाचला, मग परत त्याने. सासूबाईंनी आळीत सांगितलंसुद्धा – "आमच्या सुनेला परदेशात नोकरी लागली हाय." कितीदा समजावलं. त्यांना हेच आवडलंय.

४ जुलै
नवं खातं चालू. दिवसाला दोनच सौदे, तेवढंच.

२१ जुलै
आले! नऊशे डॉलर. बँकेत सत्त्याहत्तर हजार!
हरेशला पेढा दिला. चार वेळा नापास झालाय. तरी डोळे चमकले. "तुझं झालं, म्हंजे खोटं नाय गं हे." दुपारीच पाचवी फी भरली.
मलाही वाटतंय, नोकरी सोडावी. आणखी दोन महिने असेच गेले तर सोडतेच!

२३ जुलै
नोकरी सोडायची तर नीट माहिती हवी, म्हणून कंपनीच्या अटी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचल्या. सौद्यांबद्दल एक ओळ बारीक अक्षरात होती. खात्री वाटेना म्हणून कंपनीलाच मेल करून विचारलं, माझे सौदे बाजारात कुठे जातात? तासाभरात उत्तर. अगदी नम्र. कुठेच जात नाहीत. पास झाल्यावरचं खातंही सरावाचंच. मग मला दिले ते पैसे? कंपनीच्या उत्पन्नातून. उत्पन्न कशाचं? मुख्यतः परीक्षेच्या फीचं.
म्हणजे मी बाजारातून काहीच कमावलं नव्हतं. शिस्त मात्र खरीच लागली – ती कुणी खोटी म्हणू नये. पण जेवण गेलं नाही.

२४ जुलै
डब्याच्या सुट्टीत हरेशला ते उत्तर दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. फोन परत देताना हळूच म्हणाला, "म्हंजे तुझ्या त्या पैशात माझी फी हाय का गं?"
मी हो म्हटलं.