डावा हात मागे राहतो

४ डिसें.
जानेवारीतल्या लोहडीच्या सणासाठी गिद्धा हा पंजाबी नाच बसवतोय, आम्ही बिल्डिंगमधल्या नऊ बायका. शिकवतात तळमजल्यावरच्या हरजीतजी. मूळच्या लुधियानाच्या, वय सत्तर, पाय विशीतले. गोल करायचा, एकीने बोली, म्हणजे दोन-चार ओळींचं गाणं, म्हणायची, दोघींनी मध्ये नाचायचं, बाकीच्यांनी टाळी. सगळा नाच टाळीवर. आज तीनदा थांबवलं. "किसकी ताली पीछे आ रही है?"
माझी.

६ डिसें.
दार लावून एकटीने करून पाहिलं. डावा हात किंचित उशिरा येतो. दहा वेळा केलं, दहाही वेळा.
अण्णाचं, माझ्या थोरल्या भावाचं, असंच सुरू झालं होतं. आधी शर्टाची बटणं लागेनात. मग कंपवात निघाला. शेवटची दोन वर्षं त्याला मी घास भरवला. आता त्या वयाला मी पोचलेय.

९ डिसें.
हरजीतजींनी बाजूला घेतलं. वाटलं, गोलातून काढणार. तर म्हणाल्या, चालतानाही तुझा डावा हात हलत नाही, डॉक्टरला दाखव. म्हणजे बाहेरूनही दिसतं.
ह्यांना सांगितलं नाही. लेकीला, शुभाला, तर नाहीच. ती तिच्या मारतहळ्ळीच्या घरून धावत येईल, आणि रडेल.

१७ डिसें.
एकटीच गेले. डॉक्टरीणबाईंनी बोटं आपटायला लावली, चालायला लावलं. मग म्हणाल्या, आत्ताच नक्की सांगत नाही. ह्या गोळ्या घ्या, महिन्याने या. फरक पडला, तर आजार बहुतेक तोच.
रिक्षात हेच डोक्यात. गोळी लागू पडू नये, असं कुणी मागतं का? मी मागितलं.

१८ डिसें.
ह्यांना सांगितलं. पेपर घडी करून ठेवला. मग, "तू अण्णा नाहीस."
अण्णाला आंघोळ घालायचे हेच.

२६ डिसें.
आठ दिवस झाले गोळ्यांना. मळमळ. हात तसाच. बरं वाटलं. तसाच आहे म्हणून बरं वाटलं!

६ जाने.
तालीम. हरजीतजींनी आज एकदाही थांबवलं नाही. शेवटी पाठीवर थाप मारली. "अब ठीक है." बाकीच्या हसल्या, मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.
घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, हात कसा आहे.
"तसाच," म्हटलं.