सतराव्या ग्रीनवरचं नाणं

अण्णा, काल मला पुन्हा एकदा ती गोष्ट सांगायला लावली. बेळ्ळंदूरच्या पलीकडं जिथं मी आता गोल्फ शिकवते, तिथं आयटीवाल्यांच्या मुलांचं शिबिर होतं. संयोजक बाईंनी माझी ओळख करून दिली ती 'स्वतःहून स्वतःला दंड लावून घेणारी खेळाडू' अशी. टाळ्या पडल्या. मी नेहमीसारखी लाजल्याचं दाखवलं, नेहमीसारखी गोष्ट सांगितली आणि घरी येऊन न जेवता बसून राहिले. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या काळात मी ती इतक्यांदा सांगितलीय, की कधीकधी मलाच खरी वाटते.

तुम्ही गोल्फ क्लबात गवताचं काम बघायचात. सोमवारी क्लब बंद असायचा, त्या दिवशी कामगारांना खेळायची मुभा असे, आणि तुम्ही मला के. आर. पुरमहून स्कूटरवर पुढं उभी करून न्यायचात. बाकीचे लोक पोरांना आधी चेंडू मारायला शिकवतात. तुम्ही आधी गवत शिकवलंत. भोकाभोवतीच्या त्या बारीक कापलेल्या ग्रीनवर अनवाणी चालायला लावायचात आणि विचारायचात, गवत कुणीकडं निजलंय. मी काहीतरी ठोकून द्यायचे. तुम्हाला कळायचं, पण रागवायचा नाहीत, पुन्हा चालायला लावायचात. संध्याकाळी स्वयंपाकघरात सराव. फरशी मोरीकडं उतरती, त्यामुळं चेंडू हमखास आईच्या पायांत. एक दिवस मी हा चेंडूच सांबारात टाकणार आहे, असं ती म्हणायची, आणि तुम्ही गंभीर चेहऱ्यानं तिला सांगायचात की मीठ बेतानं घाल. रागावलात ते एकदाच. भोकाकडं चेंडू ढकलायचा फटका, पट, हुकला म्हणून मी पटर, म्हणजे त्याची काठी, ग्रीनवर आपटला आणि गवताला खोक पाडली. खड्डे दुरुस्त करायचा काटा हातात दिलात आणि नऊच्या नऊ ग्रीनवरचे, चेंडू पडून झालेले सगळ्यांचे खड्डे माझ्याकडून बुजवून घेतलेत. माझे गुडघे हिरवे झाले होते.

एकोणिसाव्या वर्षी मी व्यावसायिक झाले, म्हणजे नुसतं जाहीर केलं. वर्षभर स्पर्धा खेळायच्या तर कार्ड लागतं, आणि त्यासाठी चार दिवसांची पात्रता फेरी. पहिल्या वर्षी मी चांगलीच आपटले. दुसऱ्या वर्षी तुम्ही रजा काढून माझी काठ्यांची बॅग उचललीत. हे शेवटचं, यंदा नाही जमलं तर कुठंतरी नोकरी धरायची, असं आईनं आणि मी ठरवलं होतं. तुम्ही त्या ठरवण्यात नव्हतात. चौथ्या दिवशी सतराव्या ग्रीनवर पोचलो तेव्हा मी कार्ड मिळेल इतक्या फटक्यांच्या आत होते. दोनच होल राहिले होते.

ग्रीनवर चेंडू उचलायचा तर त्याच्यामागं खूण म्हणून नाणं ठेवतात. ते दुसऱ्या खेळाडूच्या वाटेत येत असेल, तर पटरच्या डोक्याएवढं बाजूला सरकवायचं आणि आपली पाळी आली की तेवढंच परत आणायचं. आमच्या खेळातली अगदी पोरासोरांनाही ठाऊक असलेली रीत. माझ्याबरोबरची मुलगी म्हणाली जरा सरकव, मी सरकवलं. तिचा पट झाला. आता माझी पाळी. मी चेंडू ठेवते, नाणं उचलते, मारते, चेंडू भोकात जातो. ती मुलगी तोवर पुढं निघालेली आहे. तुम्ही झेंडा परत लावायला येता आणि माझ्याकडं न बघता, लाडाच्या कानडी हाकेनं म्हणता, "पुट्टी, स्वल्प, जरा थांब. नाणं परत सरकवलंस का?"

मी म्हणते, "विसरले, अण्णा."

"सरी, बरं. मग जाऊन सांग पंचांना."

मी जाऊन सांगितलं. चुकीच्या जागेवरून खेळल्याबद्दल दोन फटक्यांचा दंड झाला आणि कार्ड एका फटक्यानं गेलं. परतीच्या वाटेवर स्कूटरवर मी तुमच्या खांद्याला हातसुद्धा लावला नाही, मागची दांडी धरून बसले. आठवड्यानं सांगितलं की यापुढं माझी बॅग तुम्ही उचलायची नाही. तुम्ही 'सरी' म्हणालात आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर जाऊ लागलात. नोकरी मी धरली नाही, रागाच्या भरात आणखी एक वर्ष खेळायचं ठरवलं. बोलणं कामापुरतंच उरलं. आठ महिन्यांनी मी कोलकात्याला खेळत असताना आईचा फोन आला. मी पोचले तेव्हा तुम्हाला अंगणात आणून ठेवलं होतं. त्या आठ महिन्यांची मला अजून लाज वाटते.

तेराव्याला क्लबातले तुमचे जोडीदार आले. त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या काकांनी माझा हात धरून सांगितलं, तुझा बाप इतके महिने आम्हाला एकच ऐकवत होता, की कुणी बघितलं नव्हतं, मलाही कळलं नव्हतं, माझी पोर आपली आपण जाऊन चूक सांगून आली. पुढं मला कार्ड मिळालं, एका वार्ताहरानं ती हकिकत छापली, तिच्यावरून पहिला प्रायोजक आला. तुम्ही सांगितलेलं ते खोटं माझ्या नावावर असं चढत गेलं, आणि मी चढू दिलं. काल घरी आल्यावर ठरवलं होतं की पुढच्या वेळी मुलांना खरं सांगायचं, की मला माझ्या वडिलांनी विचारलं म्हणून मी सांगितलं. तेवढं मला जमेल. पण तेही अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं तुमच्याखेरीज कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून हा कागद. तो कपाटात साड्यांच्या खाली राहील.

गवताचं पातं न पातं ओळखणाऱ्या तुम्हाला त्या ग्रीनवर काय काय दिसलं असेल, याचा विचार मी बरीच वर्षं टाळला. तुम्ही विचारलंतच असं, की मला 'विसरले' म्हणता यावं. मी विसरले नव्हते, अण्णा. चेंडूवर वाकले तेव्हाच आठवलं होतं. सरकवलेल्या जागेवरून भोकापर्यंतची रेघ सरळ होती, आणि तुम्ही बॅगेत काहीतरी शोधत होतात, म्हणून मी मारला.