गोकुळाच्या पिशवीचा खिसा

गोकुळा,

तुझ्या पिशवीचं अस्तर उसवून खुंटीला अडकवलं आहे. तुझी चांद्याची मोटार यायच्या आधी खिसा तूच शिव.

काल शिवण शिकणाऱ्या पोरींसमोर तू म्हणालीस, "आत्या, असा खिसा बंद होऊन राह्यला." मी म्हणाले, "मले शिकवतेस काय?" आणि तुझे टाके उसवून खिसा माझ्याच रीतीने शिवला. पोरी हसल्या, तू जेवली नाहीस. जन्मभर मी बंडीचे चोरखिसे कापडाच्या उलट्या अंगाला शिवत आले. पिशवीत अस्तरच उलटं बसतं, म्हणून खिसा त्याच्या सुलट्या अंगाला हवा, हे सकाळी खिशात हात जाईना तेव्हा कळलं. तुला उठवायची लाज वाटली.

पोरींना बोलवायला जाते आहे. त्यांच्यासमोर शिव, आणि मोठ्याने समजावून सांग. मी त्यांच्यातच बसेन.

आत्या