काकांच्या बारचं मागचं दार

३ मार्च

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातली चूक आधी दुरुस्त करते. आमच्या अग्निशमन खात्यातर्फे मी केलेल्या अचानक तपासणीत काकांच्या बारचं मागचं दार उघडं सापडलं, असं मी कौतुकाने लिहिलं होतं. दार उघडं होतं. तपासणी अचानक नव्हती. निघताना कुठे जातोय ते सांगून जायचं ही आपल्या घरची शिस्त. चपला घालताना मी काकूला सांगितलं, काकूने काकांना.

परवा डबा द्यायला गेले, तर तळघरातला बार माणसांनी भरलेला, शेगड्या पेटलेल्या आणि मागच्या दाराला कुलूप. गिऱ्हाइकं बिल न देता तिथून सटकतात म्हणे. किल्ली काकांच्या खिशात, आणि काका बर्फ आणायला गेलेले. आग लागली असती तर? काका आल्यावर विचारलं, तर म्हणाले, साहेबीणबाई, घरी बोलू. घरी आले ते जेवून सरळ झोपले. मी दमले गं.

तुझी भाची


१० मार्च

चि. फौजदारीणबाईस,
अ. उ. आ.

माझा गुडघा पुन्हा रुसलाय, म्हणून अक्षर वाकडं. दादा हट्टी आहे, मला का माहीत नाही? पण आईबापामागे त्यानेच तुला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. बारला सील लागलं तर या वयात तो काय करेल? त्याला मी दटावते. तू हे काम दुसऱ्याच्या गळ्यात घाल आणि वेळेवर जेवत जा. वाळलीस म्हणे.

तुझी आत्या


२० मार्च, शुक्रवार

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

तुझ्या दटावणीने काकांनी कुलूप काढलं आणि कडी तारेने बांधून टाकली. वर मला कौतुकाने दाखवलं, बघ, कुलूप नाही! मला हसू आलं, आणि मग कशातच लक्ष लागेना. तार सोडायला पक्कड लागते गं.

तुझं ऐकून काम दुसऱ्या तपासनिसाकडे दिलं. तो दुपारी जातो. तेव्हा दार सताड उघडं असतं. म्हणून गर्दीच्या वेळी त्याला मीच घेऊन जाणार आहे. सही त्याची असेल, पण काकांना दिसेन मी. ते मला घराबाहेर काढतील असं वाटत नाही. बोलणं टाकतील, आणि तेच मला सोसायचं नाही.

पत्र मुद्दाम आज टाकतेय. ते तुला सोमवारी मिळेल, म्हणजे भावाला आधी कळवायचा मोह तुला होणार नाही. रागाव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी भाची

ता. क. जायचं ते उद्याच, शनिवारी, एकवीस तारखेला.